उपरण्याखालचा भाव

डाव्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्याखेरीज कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, दोन रिव्हेटांनी ठोकलेला एक लहानसा पत्रा होता. त्यावर तेरा अक्षरांची एक ओळ उमटवलेली होती, आणि माझा भाचा गुडघ्यावर बसून, रुमालाने तिच्यावरची धूळ पुसत, ती मोठ्याने वाचत होता : सी, सी, ई, एक, चार, दोन, झेड, आणि पुढे सहा आकडे. गेले तीन महिने त्याने या लिपीचा अभ्यास केला होता, त्यामुळे मोडी दस्त वाचणारा जुना कारकून जसा न अडखळता वाचतो तसा तो वाचत गेला. पहिला सी शेव्हरोलेचा. दुसरा सी मागच्या दोनच चाकांना गती देणाऱ्या बांधणीचा, चारही चाके ओढणारी गाडी असती तर तेथे के आला असता. ई म्हणजे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, सहाचे असते तर एस. एक म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग. चार म्हणजे पुढे केबिन आणि मागे हौदा. दोन म्हणजे १९७२ साल. आणि झेड म्हणजे फ्रीमाँटचा कारखाना.

ते शेवटचे अक्षर उच्चारताना तो क्षणभर थांबला, कारण फ्रीमाँट हेच त्याचे राहण्याचे गाव. कॅलिफोर्नियातल्या या गावी जनरल मोटर्सने १९६३ साली उघडलेला मोटारींचा कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ पासून त्याच छपराखाली जनरल मोटर्स आणि टोयोटा या दोघांनी भागीदारीत गाड्या बांधल्या. आणि २०१० पासून ती वास्तू टेस्लाच्या ताब्यात आहे. भारतातून गेलेली, आणि त्यांत मराठीही, कितीतरी कुटुंबे आज त्या परिसरात नांदतात, त्या कारखान्यासमोरून रोज जातात. परंतु विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या या जन्मस्थानी एके काळी शेतकऱ्यांसाठी पेट्रोलवर चालणारे ट्रक बांधले जात, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल. मलाही त्या पत्र्यापाशी उभे राहीपर्यंत ठाऊक नव्हते.

पिकअप हे वाहन अमेरिकेच्या ग्रामीण जीवनात आपल्याकडच्या बैलगाडीच्या जागी आहे असे मी म्हणालो, तर ती उपमा वाटेल. पण वस्तुस्थिती तिच्याहून फार दूर नाही. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागे लहानसा पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हापासून गवताच्या गंज्या, खताची पोती, वासरे, कुंपणाचे खांब आणि शाळेत जाणारी मुले हे सर्व या एकाच वाहनाने वाहिले. अशी राबणारी वस्तू कोणी जपून ठेवत नाही. ती वापरून वापरून संपते, तिचे सुटे भाग दुसरीच्या कामी येतात आणि उरलेला सांगाडा बांधाला गंजत पडतो. म्हणूनच, १९६७ ते १९७२ या सहा वर्षांत शेव्हरोलेने बांधलेल्या सी-१० या अर्ध्या टनाच्या पिकअपचे, कारखान्यातून निघताना ज्याची साधी आवृत्ती तीन हजार डॉलरच्या आत मिळत असे त्या वाहनाचे, मोल आज त्याच्या मूळ किमतीच्या अनेक पट झाले आहे. त्या काळात खपले पुष्कळ, पण धडधाकट उरलेले थोडे, आणि ज्यांच्या वडिलांनी ते वापरले त्यांच्या मनात त्याच्याविषयी अपार जिव्हाळा. या तिन्हींच्या संगमावर किंमत नावाचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न भाच्याने माझ्यापुढे टाकला त्याला दोन कारणे होती. मी नोकरीची सारी वर्षे दस्तनोंदणीच्या कचेरीत काढली आहेत, आणि लिहिलेला मोबदला व खरा मोबदला यांतले अंतर ओळखण्यात माझे डोळे पिकले आहेत, हे एक. दुसरे म्हणजे लहानपणी मी आजोबांचा हात धरून आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार बैलांचा बाजार पाहिला आहे, आणि त्याच्या गोष्टी भाच्याला त्याच्या बालपणी सांगितल्या आहेत. "मामा, बैल बघतात तसा ट्रक बघायला या," असे तो फोनवर म्हणाला, आणि मी मुलीकडे सॅन होजेला आलेलोच होतो, म्हणून गेलो.

खरसुंडीच्या त्या बाजारात सिद्धनाथाच्या दर्शनाला आलेल्या गर्दीतून वाट काढत आजोबा एकेका दावणीपुढे थांबत. बैलाचा जबडा उघडून दात पाहणे ही पहिली पायरी : आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की पुरता जुळला आहे, यावरून वय निघे, आणि दात खोटे बोलत नाहीत. मग खूर, मग मानेखालची पोळी, मग अंगावरचे भोवरे, मग त्याला चार पावले चालवून पाहणे, आणि शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवून काही वेळ नुसते उभे राहणे. हे सारे उघड्यावर, भर उन्हात, दहा माणसांच्या देखत चाले. सौद्याची वेळ आली की मात्र हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आपल्या हातावर उपरणे टाकी, आजोबा त्याखाली हात घालीत, आणि दोघांची बोटे त्या कापडाखाली एकमेकांशी बोलत. काय बोलत ते शेजारी उभ्या असलेल्या माझ्यासारख्या पोरालाही कळत नसे. बैल उघडा आणि भाव झाकलेला, अशी ती रीत होती. तिचा अर्थ मला या वयात, परक्या देशात, एका लालभडक ट्रकापुढे उभे असताना उमगला.

तो लाल ट्रक आम्ही सर्वांत आधी पाहिला. एका व्यापाऱ्याच्या दालनात, दिव्यांच्या प्रकाशात तो ठेवला होता आणि त्याच्या काचेवर ३८,५०० डॉलर ही किंमत हातभर उंचीच्या आकड्यांनी लिहिली होती. रंग असा की त्यात आपला चेहरा दिसावा. लांबी आखूड, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ११५ इंच. आणि या पिढीच्या पिकअपांत आखूड हौद्याच्या गाड्यांना लांब हौद्याच्या, १२७ इंचांच्या, गाड्यांपेक्षा पुष्कळ अधिक भाव मिळतो. शेतकऱ्याने घेतला तो बहुधा लांब, कारण त्यात माल जास्त मावे; हौसेने आज जो शोधला जातो तो आखूड, कारण तो डोळ्यांना देखणा. या एका फरकात कष्टाची दृष्टी आणि शौकाची दृष्टी यांतला भेद सामावलेला आहे.

आमच्याबरोबर एक निवृत्त मिस्त्री होते. मेक्सिकोतून बालपणी आलेले, साठ वर्षे गाड्यांत हात काळे केलेले. तासावर मेहनताना घेऊन ते अशा खरेदीपूर्व तपासण्या करतात. बोलतात अत्यंत कमी. त्यांनी प्रथम दाराचा पत्रा वाचला आणि भाच्याला नुसती खूण केली. तिसरे अक्षर एस होते. ट्रक कारखान्यातून सहा सिलिंडरांचा निघाला होता आणि त्याच्या बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे इंजिन होते. तसे ते असायला हरकत नाही, परंतु काचेवरच्या वर्णनात 'मूळचे इंजिन' असे शब्द होते. मग त्यांनी समोरचा खण उघडला. या गाड्यांच्या खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याने एक कागद चिकटवलेला असतो : रंग कोणता, चाकांतले अंतर किती, गिअर कोणता, कोणकोणत्या जादा वस्तू बसवल्या, या सर्वांची संकेतांकांत लिहिलेली ती फर्द. येथे झाकण नवे कोरे होते आणि कागद नव्हता. मिस्त्री पाठीवर झोपून खाली सरकले, आणि काळ्या डांबरी लेपाखालून, केबिनच्या मागे, चासीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर गेलेली वेल्डिंगची रेघ त्यांच्या बोटाला लागली. लांब ट्रक मधून बारा इंच कापून आखूड केलेला होता.

यात गैर काय, असे कोणी विचारील, तर मी म्हणेन की कापण्यात गैर काहीच नाही. कुशल हाताने केलेले ते काम भक्कम असते, अनेक जण ते उघडपणे करतात आणि उघडपणे विकतात. परंतु मूळचा आखूड आणि कापून झालेला आखूड यांचे मोल एक नव्हे, आणि विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्या किमतीला मी वाजवी म्हणणार नाही, मग ती आकड्याने कितीही कमी असो. बैलबाजारात भाव झाकलेला होता आणि बैल उघडा होता; या दालनात भाव हातभर अक्षरांनी उघडा होता आणि बैल रंगाखाली झाकलेला होता. वाजवी हा शब्द आपल्याकडे वाजिब या अरबी शब्दावरून, फारसीच्या वाटेने आला. जे देणे कर्तव्य आहे, जे देणे लागते, ते वाजिब. म्हणजे त्या शब्दात स्वस्ताई नाही आणि महागाईही नाही, त्यात देणे-घेणे यांची नैतिक जुळणी आहे, आणि ती जुळणी दोघांच्या ज्ञानाची पातळी सारखी झाल्यावाचून होऊ शकत नाही.

मिस्त्रींनी शेवटी खिशातून कापडात गुंडाळलेले एक साधे लोहचुंबक काढून केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला लावले. ते चिकटले नाही, घसरून खाली आले. आपल्याकडचे रंगारी जिला लांबी म्हणतात ती तेथे अंगठाभर जाडीने भरली होती. आम्ही नमस्कार करून निघालो.

गंजाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण जुन्या ट्रकच्या किमतीत इंजिनापेक्षाही त्याचे वजन अधिक. इंजिन उतरवता येते, बदलता येते, त्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात. परंतु केबिन म्हणजे ट्रकचे हाड, आणि ते सडले की दुरुस्तीला अंत नाही. सी-१० चा पत्रा कोठे कोठे खातो हे जाणकारांना पाठ असते : केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे, दारांखालच्या आडव्या पट्ट्या, पायाखालची जमीन, केबिन ज्या रबरी बैठकांवर चासीला टेकते त्या जागा, समोरच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोन. पाणी आत शिरते, बाहेर पडण्याची छिद्रे मातीने बुजलेली असतात, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आत पत्रा संपलेला असतो. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्क अशा उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मिठाचे पाणी गाडीच्या पोटाखाली जाऊन बसते. उलट ॲरिझोनातला किंवा कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातला ट्रक उन्हात उभा राहिलेला असतो : त्याचा रंग उडतो, डॅशबोर्ड तडकतो, रबरे वाळून भुगा होतात, पण पत्रा शाबूत राहतो. मिस्त्री त्यांच्या भाषेत जे म्हणाले त्याचा भाव असा, की उन्हाने कातडी जाते आणि मिठाने हाडे जातात. घेणाऱ्याला कातडी दिसते, हाडे दिसत नाहीत. म्हणून उत्तरेतला नवा रंग दिलेला ट्रक महाग जातो आणि दक्षिणेतला विटलेला ट्रक स्वस्त जातो, आणि ज्याला ही परीक्षा आहे त्याने विटलेल्याकडेच वळावे, असे माझे स्पष्ट मत झाले.

आता किमतीच्या पुस्तकांविषयी. हॅगर्टी या, जुन्या मोटारींचा विमा उतरवणाऱ्या, कंपनीचे मूल्यतक्ते तेथे प्रमाण मानले जातात. त्यांत गाडीच्या स्थितीच्या चार प्रती केलेल्या असतात : पहिली प्रत म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवील अशी निर्दोष, दुसरी म्हणजे अत्यंत उत्तम, जवळून पाहिल्यासच उणीव दिसावी अशी, तिसरी म्हणजे नीट चालणारी, नीटनेटकी, वापराच्या खुणा असलेली, चौथी म्हणजे चालते खरी पण दोष डोळ्यांना दिसतात अशी. ही वर्गवारी उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि ज्याने आयुष्यभर आपल्याकडचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे लोकांच्या तोंडचे रेडी रेकनर, हाताळले आहेत त्याला त्यांची मर्यादा चटकन दिसते. तक्त्यातला दर हा वस्तूचा दर असतो, या वस्तूचा नव्हे. त्याच गल्लीतली दोन घरे, एकाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्याची कोरडी. तक्ता दोघांना एका ओळीत बसवतो. आणखी असे, की प्रत ठरवणारा मालकच असतो, आणि प्रेमापोटी मालकाचा हात नेहमी एक पायरी वर जातो. तिसऱ्या प्रतीचे, पण दुसरी म्हणून विकलेले ट्रक मी पाहिले नाहीत, परंतु चौथीतले तिसरीत बसवलेले मी त्या पंधरा दिवसांत पाच पाहिले.

भाच्याची पद्धत माझ्या पसंतीस उतरली. विक्रेते काय मागतात याची टिपणे त्याने ठेवलीच नव्हती. कारण मागणे ही इच्छा आहे, किंमत नव्हे. प्रत्यक्ष सौदा होऊन पैसे हातात पडले अशाच व्यवहारांची त्याने यादी केली होती, आणि लिलावातला आकडा घेताना त्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेला जादा मोबदला मिसळला आहे की नाही हेही तो पाहत असे. त्या यादीतून लांब हौद्याच्या, आठ सिलिंडरांच्या, १९७१-७२ सालच्या, तिसऱ्या प्रतीच्या सी-१० साठी त्याने १८,००० डॉलर हा पाया धरला. १९७१ पासूनचेच का, तर त्या वर्षापासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागले, आणि रोज चालवायचा ट्रक ज्याला हवा त्याला नुसत्या देखणेपणापेक्षा ते अधिक मोलाचे. पायावरून खाली उतरायचे ते प्रत्येक दोषाच्या दुरुस्तीच्या खर्चाने. मात्र तिसऱ्या प्रतीच्या गाडीत जे लहानसहान दोष गृहीतच आहेत ते पुन्हा वजा करायचे नाहीत, कारण एका दोषाची वजावट दोनदा घेणे हीदेखील लबाडीच. हे शेवटचे वाक्य त्याचे, माझे नव्हे. आणि ते ऐकून मला जे वाटले ते मी त्या वेळी बोलून दाखवले नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे आल्टामाँट घाटातून, डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्यांमधून मध्य खोऱ्यात उतरलो आणि मोडेस्टोच्या पुढे एका बदामाच्या बागेत गेलो. सुरुवातीला वर्णिलेला तेरा अक्षरांचा पत्रा तेथल्याच ट्रकचा. मालक ऐंशीच्या घरातले शेतकरी. ट्रक त्यांच्या वडिलांनी नवा घेतलेला, म्हणजे कागदोपत्री दुसरी पिढी पण घर तेच. त्याला अजून सत्तरच्या दशकातली निळी पाटी होती, पिवळ्या अक्षरांची. त्या राज्यात पाटी गाडीबरोबर राहते, म्हणून जुनी पाटी शाबूत असणे हा, ट्रकने सीमा ओलांडली नाही आणि नोंद सहसा तुटली नाही याचा, मूक पण विश्वसनीय साक्षीदार. रंग मूळचा हिरवा, टपावर उडून खालचा थर दिसू लागलेला. हौद्याच्या तळाला फावड्यांचे ओरखडे. पाच घरांचा मैलमापक, जो ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, ४१ हजार दाखवत होता, भाच्याने विचारण्याआधीच म्हातारबाबा म्हणाले, "तो एकदा फिरून आलाय. माझ्या वडिलांच्या हयातीतच."

तपासणीला अडीच तास लागले, आणि त्यांतला एकही क्षण मला लांबलेला वाटला नाही. खणाच्या झाकणाआड कागद होता, पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेला. त्यावर १२७ इंच आणि हिरव्या रंगाचा संकेतांक. केबिनमधला आरसा समोरच्या काचेला चिकटवलेला, जसा १९७२ साली असे; आदल्या वर्षी तो वर टपाला टांगलेला असे. चासीवर उमटवलेला क्रमांक पत्र्यावरच्या क्रमांकाशी जुळला. चुंबक सर्वत्र चिकटले, फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात आणि त्याच बाजूच्या दाराखालच्या पट्टीत घसरले. केबिनमध्ये बसताच पेट्रोलचा मंद वास आला, आणि मी चपापलो. तेव्हा मिस्त्रींनी आसनाची पाठ पुढे ओढून दाखवले की या पिढीच्या गाड्यांत इंधनाची टाकी आसनामागेच, केबिनच्या आत असते. त्यांनी नळ्या हाताने दाबून पाहिल्या. तडा नव्हता.

मग आठ सिलिंडरांचे कंप्रेशन. स्पार्क प्लग एकेक काढून, मापक लावून, भाच्याने चावी फिरवावी आणि मिस्त्रींनी आकडा सांगावा. सात सिलिंडरांनी दर चौरस इंचास १४० ते १५० पौंडांच्या दरम्यान दाब दिला, आठव्याने ९५. मिस्त्रींनी त्या सिलिंडरात चमचाभर तेल ओतून पुन्हा माप घेतले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा चढला असता. तो चढला नाही, म्हणजे दोष वॉल्व्हमध्ये, म्हणजे हेड उतरवावे लागणार, पण पिस्टन वाचले. आजोबांनी बैलाच्या बरगडीवर कान ठेवलेला मला आठवला. विद्या तीच. बाहेरून आतले ऐकायचे.

दुपारी अंगणातल्या लाकडी मेजावर आम्ही बसलो. म्हातारबाबांनी १६,५०० डॉलर मागितले होते. भाच्याने घासाघीस केली नाही. त्याने आपल्या वहीचे पान फाडून, सगळा तपशील वर दिसेल असे, त्यांच्यापुढे ठेवले. पाया १८,०००. वजा : दोन्ही हेडांचे वॉल्व्ह १,६००, डावा कोपरा आणि पट्टी १,८००, चार टायर ७००, ब्रेकच्या नळ्या आणि मागचे सिलिंडर ५००, समोरची तडकलेली काच आणि तिचे रबर ४५०. एकूण वजावट ५,०५०, बाकी १२,९५०. पान वाचताना म्हातारबाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि आत जाऊन सिगारची एक लाकडी पेटी घेऊन आले. तीत १९७२ च्या खरेदीखतापासूनच्या पावत्या होत्या. त्यांतली एक बाहेर काढून त्यांनी मेजावर ठेवली : ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडर, गेल्या वर्षीच्या. मिस्त्री मान डोलावत म्हणाले की धुळीखाली मला दिसले नाहीत, चूक माझी. म्हातारबाबांनी भाच्याच्या हातातली पेन्सिल घेऊन ५०० ची ओळ खोडली.

आणि मग, पेन्सिल परत न देता, त्यांनी खाली आपल्या थरथरत्या अक्षरांत एक नवी ओळ लिहिली : रेडिएटर, ४००. "तळाला डाग दिलाय मी," ते म्हणाले. "थंड असताना गळत नाही, म्हणून तुम्हाला दिसला नसणार. घाट चढलात की गळेल."

मेजावर काही काळ कोणी बोलले नाही. विक्रीखतांच्या राशीत वर्षे घालवलेला माझ्यासारखा माणूस सांगतो की विकणाऱ्याने स्वतःच्या हाताने वजावट वाढवल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. भाच्याने पेन्सिल मागून घेतली. आदल्या रात्री त्याच्या हिशेबात एक अधिकची बाब होती, एकाच घरात राहिलेला, मूळ रंगाचा, सर्व दस्तऐवजांसह असलेला ट्रक म्हणून एक हजार; ती त्याने सकाळी पान उतरवताना गाळली होती, हे मला ठाऊक होते आणि मी गप्प होतो. आता त्याने ती लिहिली. १३,०५० अधिक १,०००.

"चौदा," म्हातारबाबा म्हणाले. वरचे पन्नास त्यांनी सोडले.

मालकीपत्र, ज्याला तेथे अजूनही जुन्या कागदाच्या रंगावरून पिंक स्लिप म्हणतात, त्यांनी त्याच पेटीतून काढले. त्यावर कोणाचा बोजा नाही, कर्जाचे तारण नाही, हे मी सवयीने दोनदा वाचून पाहिले आणि मग त्यांनी सही केली. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना त्या राज्यात धूरतपासणी माफ आहे, त्यामुळे बाकी राहिली ती मोटार कचेरीतली नोंद आणि खरेदीवरचा कर. त्या अर्जात भाच्याने सोमवारी पूर्ण १४,००० हाच आकडा घातला.

निघताना म्हातारबाबा म्हणाले, मला बागेच्या टोकापर्यंत घेऊन चला. ते भाच्याशेजारी बसले, मी आणि मिस्त्री मागून आमच्या गाडीने. बदामांच्या दोन रांगांमधून धूळ उडवत हिरवा ट्रक टपालपेटीपर्यंत गेला आणि थांबला. ते उतरले, पण लगेच बाजूला झाले नाहीत. बॉनेटवर पंजा ठेवून, मान किंचित कलती करून, चालू इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. मग खिडकीत वाकून त्यांनी भाच्याला सांगितले की आठव्याचा वॉल्व्ह हिवाळ्याआधी करून घे, आणि आल्टामाँट चढताना हीटर पूर्ण उघडा ठेव, म्हणजे रेडिएटरवरचा भार कमी होईल.